वेज

मलेहाच्या पलीकडे वाळू लाल होते,
चुनखडीचा डोंगर मध्येच मान वर काढतो.
त्याच्या खोबणीत आम्ही चाळण हलवतो, पाच ते अकरा.
नंतर ऊन कोणाला काम करू देत नाही.
हाडांचे तुकडे एका पिशवीत, गारेच्या कपच्या दुसऱ्या,
आणि मंगळवारी, चौथ्या थरात, एक शिंपला.
करंगळीच्या नखाएवढा.

डॉक्टर शम्सांनी तो तळहातावर घेतला, बोलल्या नाहीत.
दिलमुराद म्हणाला, खाल्ला असेल कोणी.
पण समुद्र इथून दोन दिवसांच्या चालीवर.
रिकामा शिंपला इतक्या लांब
भुकेसाठी कोण आणतं?

वर, टोकाशी, वेज.

प्रश्न एवढाच की पाडला कोणी.
समुद्रातल्या गोगलगायीही पाडतात, गोल, नीटस, पोटासाठी.
लाटाही पाडतात, कशासाठीच नाही.
अहवालात 'सुंदर' हा शब्द चालत नाही.
'संभाव्य' चालतो.

माझे वडील फलटणचे पटवेकरी.
पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून
जन्मभर दुसऱ्यांचे दागिने गाठवले.
जुना सर दुरुस्तीला आला की आधी मणी उजेडात धरायचे:
दोरा बदलता येतो रे, वेज नाही.
बाई रोज घालते की पेटीत ठेवते,
कड सांगते.

भिंगाखाली कड पाहिली.
वरच्या अंगाला झिजलेली, जिथून ओझं लोंबतं.
मी म्हटलं, कोणीतरी रोज घालत होतं.
डॉक्टर म्हणाल्या, पुरावा?

मग पुराव्याला मलाच जुंपलं.
खोरफक्कानच्या किनाऱ्यावरचे तसलेच सात शिंपले,
गारेच्या टोच्याने पाडलेले सात वेज
(दोन फुटले, पाच उरले),
खजुरीच्या काथ्याचा वळलेला धागा,
आणि हुकूम: चाळीस दिवस गळ्यात.
झोपतानाही. अंघोळीलाही.

कॅम्पात हसून घेतलं सगळ्यांनी.
मेसचा सुगुणन मला नवरी म्हणायचा, जास्तीचा पापड वाढायचा.
पहिला आठवडा टोचलं.
दुसऱ्यात आवाज ऐकू यायला लागला, चालताना,
ओठ न हलवता कोणी मोजत असावं तसा.
तिसऱ्यात बायको फोनवर म्हणाली, हे काय वाजतंय?
काम, म्हटलं.

दिलमुराद हसला नाही.
त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ली असते,
तुर्बतच्या घराची.
घर पुरात गेलं, दारासकट.
विमानतळावर दरवेळी यंत्र ओरडतं,
दरवेळी तो ती काढून ट्रेमध्ये ठेवतो,
पलीकडे जाऊन पुन्हा घालतो.
कुठल्या कुलपाची, हे कोणी विचारत नाही.

चाळीसाव्या दिवशी कात्रीने धागा कापला.
सूक्ष्मदर्शकाखाली दोन कडा शेजारी शेजारी:
माझी, नुकती चमक धरू लागलेली,
आणि ती, खोल, गुळगुळीत, वर्षानुवर्षांची.
दोरा केव्हाच मातीत गेला,
त्याचं घासणं तेवढं उरलं.
आतल्या खळग्यात कावेचा तांबडा ठिपका.
शिंपल्याला फासलेली,
की छातीला फासलेली आणि याला लागलेली?
छाती कुठल्याच थरात सापडली नाही.

नोंदवहीत रकाने: थर, लांबी, वजन, झीज.
शेवटचा, उपयोग.
डॉक्टरांनी 'माहीत नाही' लिहिलं,
मग ते खोडलं,
मग पेनाचं टोपण लावलं.

मी बाहेर आलो. वारा सुटला होता.
सवयीने हात गळ्याशी गेला
आणि तिथेच थांबला.

दिलमुराद चाळण झटकत होता.
माझ्याकडे न पाहता त्याने खिशातून काहीतरी काढलं,
त्या फुटलेल्या दोनांतला एक शिंपला.
इतके दिवस ठेवला होता.
अर्धाच वेज. ओवता येणार नाही.

मी घेतला.